रिंगणातला नाच

हार्बर मार्गावरचे रे रोड स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. १९१० साली कुर्ला ते रे रोड अशी गाडी सुरू झाली. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. तेथे जुनी जहाजे तोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. गोदामे, वखारी आणि मालट्रक यांच्या गर्दीत खेळायला मोकळी जागा शोधावी लागते. पश्चिमेला घोडपदेव ओलांडले की लालबाग-परळ लागते. हे गिरणी कामगारांचे मुंबई. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत. साहजिकच सण, खेळ आणि नाच रस्त्यावर आले.

या वस्तीतल्या नाचावर एका माणसाची मोठी छाप आहे. त्यांचे नाव भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. वडील गिरणी कामगार. दादांनी स्वतःही मजुरी केली. १९५१ साली त्यांचा 'अलबेला' हा चित्रपट आला आणि त्यांच्या नाचाने सारा देश वेडा झाला. तो नाच अवघड नव्हता. खांदे हलवायचे, हात किंचित वर धरायचे आणि तालावर डुलत पुढे जायचे, एवढेच. म्हणून तो कोणालाही जमला! आजही वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत लोक नकळत तसेच नाचतात. पुढे दादांचा पैसा गेला, बंगला गेला, आणि ते दादरच्या चाळीत राहू लागले. विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपुढे थांबे, असे सांगतात. दादा खाली येऊन नाचल्याशिवाय ती पुढे जात नसे. २००२ साली त्यांचे निधन झाले.

असाच रस्त्यावरचा एक नाच दूर अमेरिकेत जन्मला. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाची गरिबांची वस्ती आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने मेजवानी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. म्हणून तिने थोडे प्रवेशशुल्क लावले. गाणी वाजवायला तिचा भाऊ होता. त्याला सगळे कूल हर्क म्हणत. गाण्याच्या मध्ये गायक थांबतो आणि नुसता ताल वाजतो, अशा तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. मुले या तुकड्याचीच वाट पाहतात, हे हर्कच्या लक्षात आले. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवर तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू! त्या तालावर मुले नाचू लागली, आणि त्या नाचाला 'ब्रेकिंग' हे नाव पडले. गाणे, नाच, भिंतीवरची चित्रे या साऱ्याला मिळून हिपहॉप म्हणतात.

आपल्याकडे हा नाच १९८० नंतर पडद्यावरून आला. १९८५ च्या 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचले. १९९६ साली त्यांचाच 'बूगी वूगी' हा कार्यक्रम दूरदर्शन संचावर सुरू झाला. त्या पिढीला शिकवायला कोणी नव्हते. पडद्यावर पाहायचे आणि गच्चीवर करून पाहायचे, हीच शाळा.

आज मात्र शिकवणारे आहेत. धारावीत २०१५ पासून 'धारावी ड्रीम प्रोजेक्ट' या संस्थेच्या शाळेत मुलांना हिपहॉप मोफत शिकवले जाते. या नाचात मुले गोल उभी राहतात. एक जण मध्ये येतो, आपली करामत दाखवतो आणि बाहेर जातो, मग दुसरा. चार-पाच वर्षांनी मोठा असलेला दादा किंवा ताई हीच शिक्षक. तुम्ही ज्याला उस्ताद-शागिर्दाचे नाते म्हणता, तेच हे. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलून आपली म्हणणे या रिंगणात लाजिरवाणे मानतात.

नाचाला लागते काय? गुळगुळीत जमीन, एक गाणे आणि भोवती चार मित्र. पण डोक्यावर भोवऱ्यासारखे फिरताना मान दुखावू शकते, मनगट मुरगळते. म्हणून आधी महिनोन्‌महिने कसरत करावी लागते. घाई करणारा लवकर घरी बसतो. घरच्यांचा प्रश्नही वेगळाच असतो : याने पोट भरेल का? काही जण नाच शिकवून कमावतात, काही रंगमंचावर. पुष्कळांना दिवसा नोकरी करून संध्याकाळीच नाचावे लागते. आईवडिलांची काळजी खोटी नाही.

जोगेश्वरीच्या आरिफ चौधरीला नाचणारे 'फ्लाइंग मशीन' म्हणून ओळखतात. त्याने भारतातील मोठी स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये या नाचाची जागतिक स्पर्धा वरळीला भरली. मुलांमध्ये नेदरलँड्सचा मेनो पहिला आला. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हा नाच प्रथमच खेळ म्हणून आला. मुलींमध्ये जपानच्या अमीने सुवर्णपदक मिळवले. रौप्यपदक जिंकणारी लिथुआनियाची निका १७ वर्षांची होती, तर त्याच स्पर्धेत उतरलेली जपानची आयुमी ४१ वर्षांची.

स्वाध्याय

१. सिंडीने मेजवानी कशासाठी ठेवली होती?
२. भगवानदादांचा नाच सर्वांना का जमला?
३. कारण लिहा : नाच शिकताना घाई करू नये.
४. तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी लग्नात किंवा मिरवणुकीत कसा नाच होत असे, ते त्यांना विचारून पाच-सहा वाक्ये लिहा.