पगडी आणि खुंटी

पडाव म्हणजे मुक्काम. ग्वाल्हेर स्टेशनजवळच्या या वस्तीत मी वाढलो. गर्वावर लघुपट करायचा ठरवला तेव्हा रूपक तिच्या नावातच सापडलं. तांड्यातला एक वाटसरू रात्रीपुरता तंबू ठोकतो. जागा आवडते म्हणून खुंटी रोज थोडी खोल ठोकतो. तांडा निघतो, पण त्याची खुंटी निघत नाही.

गोष्ट एवढ्यावर उभी राहत होती. पण मला धीर नव्हता. गर्व चटकन कळावा म्हणून मी वाटसरूला शिंदेशाही पगडी घातली. तंबू लावायला आलेला कामगार म्हणाला, "भैया, खूंटी सीधी मत खींचो, पहले चारों तरफ हिलाओ." मी ऐकलं नाही. नटाने ओढता ओढता कोसळायचं, असं मी लिहून ठेवलं होतं.

घरच्यांना आणि शेजाऱ्यांना लघुपट दाखवला. पहिलाच प्रश्न आला, "हे कोणते शिंदे?" शेजारचे वयस्कर काका दुखावले होते. म्हणाले, "१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला आणि त्या छावणीचं लष्कर हे शहर झालं. आपले पूर्वज त्या तळामागूनच आले. इथे राहिलो, हा गर्व झाला का रे?" मी गप्प बसलो. माणसाच्या गर्वाबद्दल बोलायला निघालो होतो आणि आपल्याच माणसांच्या वस्तीवर ठपका ठेवून बसलो होतो.

रूपकाच्या वाटेने जाणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगतो.

प्रतीक निवडण्याआधी त्या गावात त्याला कोणता अर्थ चिकटलेला आहे ते पाहा. ग्वाल्हेरात या पगडीला घराण्याचं नाव आहे.

वस्तू आधी वस्तू म्हणून खरी हवी. खुंटी हलवली की भोवतीची माती सरते आणि पकड सुटते. हे रोज तंबू उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

कच्चं संकलन तिघांना आवाज बंद ठेवून दाखवा. काय कळलं ते विचारा आणि मध्ये बोलू नका.

परवानगी मागण्यात कमीपणा मानू नका. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी अर्ज करावा लागतो. इथला महाराजपुऱ्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे ड्रोनचे नियम पाहिल्याशिवाय तो उडवू नका.

मी शेवट पुन्हा चित्रित केला. पगडी काढली आणि त्याच कामगाराला बोलावलं. आता थकलेला वाटसरू त्याला विचारतो, "कशी काढायची?" अख्ख्या लघुपटात तेवढा एकच संवाद आहे.