मुलगी विज्ञानापर्यंत येते, यंत्रापर्यंत का येत नाही?

दौंड तालुक्यात गुऱ्हाळे सुरू झाली की एक दृश्य आपण सर्वच जण पाहतो. ऊस तोडण्यास, मोळ्या बांधण्यास, त्या डोक्यावरून वाहण्यास स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने असतात. परंतु चरकापाशी, जेथे इंजिन किंवा मोटार सांभाळावयाची असते, तेथे पुरुष उभा असतो. जात्याचेही असेच झाले. हाताने फिरवावयाचे जाते पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीकडे होते. त्याला मोटार लागली, त्याची पिठाची गिरणी झाली, आणि गिरणीत पुरुष बसला. कळ दाबणे स्त्रीला जमले नसते असे कोणी म्हणणार नाही. मग असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर सरळ आहे. यंत्र आले की भांडवल लागते, भांडवल आले की मालकी येते, आणि मालकी घरातील पुरुषाच्या नावावर असते. शिलाई मशीन हे एकच यंत्र स्त्रीच्या हाती राहिले. परंतु त्याला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही, ‘शिवणकाम’ म्हणतात!

मुलींचे तंत्रशिक्षण या विषयाचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. मुलींना गणित जमत नाही, त्यांचा कल नसतो, ही कारणे आपण फार सहज सांगतो. ती खरी आहेत काय? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत २०२०-२१ या वर्षी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलींची संख्या मुलांहून अधिक होती. त्याच वर्षी अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात मात्र शंभरांत सुमारे २९ मुली होत्या. म्हणजे भौतिकशास्त्र व गणित घेऊन शिकणारी मुलगी देशात आहे, भरपूर आहे. ती विज्ञानापर्यंत येते आणि यंत्राच्या उंबऱ्यावर थांबते. तिला तेथे कोण थांबवते, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हे निसर्गाने ठरवलेले नाही याचा पुरावा परदेशातही सापडतो. १९४६ साली अमेरिकेत ‘एनियाक’ हा प्रचंड संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याच्या आज्ञावलीचे काम सहा स्त्रियांनी केले होते. पुढे १९८४ च्या सुमारास तेथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत शंभरांत सुमारे ३७ स्त्रिया होत्या. नंतर हे प्रमाण घसरत जाऊन २० च्याही खाली आले. घरगुती संगणक बाजारात आला तो मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला, हे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. आपल्याकडे याच्या उलट घडले. संगणकाचे काम म्हणजे खुर्ची, बंद खोली, ने-आण करणारी कंपनीची गाडी. अंगाला तेल नाही, ऊन नाही. म्हणून ते ‘मुलींना शोभणारे’ ठरले, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात आज सुमारे एक तृतीयांश स्त्रिया आहेत. यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र मुली अजूनही मोजक्याच दिसतात. तेच काम एका देशात पुरुषी ठरते, दुसऱ्या देशात बायकी ठरते. यावरून वाचकांनी ओळखावे की शोभणे न शोभणे माणसे ठरवतात.

आता आपल्याच तालुक्यातील एक उदाहरण घेऊ. आमच्या भांडगावपासून केडगाव फार दूर नाही. तेथील पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन सर्वांस ठाऊक आहे, परंतु तेथे काय काम चालत असे हे आपल्या विद्यार्थिनींस क्वचितच सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व विधवा तेथे आणल्या. त्यांना नुसते अन्न व प्रार्थना देऊन त्या थांबल्या नाहीत. विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धव्यवसाय आणि विशेष म्हणजे छापखाना अशी कामे या मुलींना शिकवली. खिळे जुळवणे, छपाई, पुस्तकबांधणी ही त्या काळची तंत्रविद्याच होय. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींच्या हातांनी जुळवले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. त्यामागची श्रद्धा आपली नव्हे, हे उघड आहे. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या काळात मुलीने पाटी हातात धरली तरी गाव नावे ठेवीत असे, त्या काळात दौंड तालुक्यात मुली छपाईयंत्रावर काम करीत होत्या. त्यांच्या अंगी काही निराळे सामर्थ्य होते काय? नाही. त्यांना अडवणारे घरच उरले नव्हते, आणि शिकवणारी संस्था पाठीशी होती!

हे वाक्य कठोर वाटेल, म्हणून आणखी दोन चरित्रे पाहू. मद्रासजवळच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता या विद्युत अभियंता झाल्या. देशातील अगदी पहिल्या स्त्री अभियंत्यांपैकी त्या एक. त्यांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले होते, आणि मुलगी चार महिन्यांची असताना वैधव्य आले. पोटापाण्यासाठी विद्या हवी हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे दार उघडले. आपल्या महाराष्ट्रातील शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे त्यांनी मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले आणि पतीच्या सहकार्याने ‘क्वाड्रिकॉन’ ही पूल बांधणारी कंपनी काढली. सुटे भाग जोडून पोलादी पूल उभारण्याची त्यांची पद्धत हिमालयातील दुर्गम भागांत वापरली गेली. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे स्वतः नामांकित पूल-अभियंता होते.

दोघींचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तथापि दोघींच्याही घरात उंबऱ्यापलीकडे आधीच कोणीतरी उभे होते. प्रवेश केव्हा घ्यावा, कोणती शाखा घ्यावी, कोणत्या दाराशी जावे, हे सांगणारा माणूस जेवणाच्या पंगतीत बसत होता. आपल्या वस्तीतील शेतमजुराच्या, ऊसतोडणी करणाऱ्याच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात कंत्राटी कामास जाणाऱ्याच्या मुलीस असा माणूस कोठून मिळणार? आमच्या मते खरी दरी येथे आहे. बुद्धीची दरी नाही, आणि इच्छेची तर नाहीच नाही.

घरातील हिशेबही समजून घेतला पाहिजे. बापाला दोष देऊन हा विषय संपत नाही. दहावी-बारावी झालेल्या मुलीच्या घरी आम्ही जातो तेव्हा बहुधा एकच संभाषण ऐकू येते. बी.एस्सी. जवळच्या महाविद्यालयात होते, संध्याकाळी मुलगी घरी येते. अभियांत्रिकीला पुणे किंवा बारामती, म्हणजे वसतिगृह, खानावळ, प्रकल्पाचा खर्च, संगणक. गावातील मुलींना शाळेसाठी मिळणारा एसटीचा मोफत पासही बारावीपर्यंतच. त्यापुढे २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट आहे हे खरे, परंतु अर्धे तिकीटही रोज द्यावे लागते. घरात जी थोडी शिल्लक असते तिच्यावर दोन हक्क सांगितले जातात, एक शिक्षणाचा आणि दुसरा लग्नाचा. मुलाच्या बाबतीत शिक्षणावरचा पैसा परत येणार असे धरले जाते. मुलीच्या बाबतीत तो ‘दुसऱ्याच्या घरी’ जाणार असे धरले जाते. शिवाय जास्त शिकली की तोलाचा मुलगा शोधावा लागतो, हे आई हळूच सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. म्हणजे दर पाचांतील एकीच्या बाबतीत तर शाखा निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या हिशेबात एक चूक आहे, ती पालकांना दाखवून दिली पाहिजे. बी.एस्सी.ची तीन वर्षे स्वस्त पडतात खरी. परंतु पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. केल्यावाचून सहसा नोकरी नाही. उलट दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविकाही तीन वर्षांचीच. ती पूर्ण झाल्यावर मुलगी कामास लागू शकते, अथवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकते. हा मार्ग अनेक घरांत ठाऊकच नाही. आयटीआयचे तर नाव काढताच मुलीसाठी शिवणकाम किंवा फार तर संगणकाचा ‘कोपा’ सुचवला जातो. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर हे शब्द तिच्यासमोर कोणी उच्चारत नाही. वास्तविक रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहती आपल्या आसपासच आहेत, आणि तेथे माणसे लागतात ती याच कामांची.

कारखान्यांचे काय, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. १९७४ साली टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे स्पष्ट छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात २०२२ मध्ये मोटारजोडणीची एक संपूर्ण शाखा स्त्रियांच्या हाती देण्यात आली. मध्ये ४८ वर्षे गेली. कायद्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळात काम देता येत असे. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की तीन पाळ्यांच्या कारखान्याने अभियंता म्हणून मुलगी घेण्याचेच टाळले. २०२० च्या कामगार संहितेने स्त्रीची संमती व सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीची मुभा दिली आहे. परंतु पालकांची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीचा तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह खून केला होता. ज्या घराने ती बातमी वाचली त्याला ‘काळजी करू नका’ एवढे सांगून भागत नाही. गाडीत सुरक्षारक्षक आहे काय, मुलगी घरी पोहोचल्याची नोंद ठेवतात काय, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारावे. त्यात संकोच कसला?

१९४२ या वर्षातील दोन गोष्टी येथे आठवतात. त्या वर्षी जुलैत नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे वचन आपण फलकावर लिहितो, स्मरणिकेत छापतो. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला एक निवेदन दिले. कला व कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे साधणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, आणि ते सरकारी मदतीवाचून त्यांच्या आवाक्यात येणार नाही, असा त्याचा आशय होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली ती या प्रयत्नांतून. पहिली गोष्ट आपण पाठ केली, दुसरी विसरलो; आणि दोन्ही एकत्र वाचल्यावर जो अर्थ निघतो तिकडे तर आपले लक्षच गेले नाही. शिष्यवृत्तीचा लाभ आपल्या घरांतून प्रथम मुलांनी घेतला. बहिणीने भावाच्या फीसाठी शाळा सोडली, अशी घरे आपल्या ओळखीची नाहीत काय?

आज सवलती आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न तिच्या मर्यादेबाहेर असल्यास राज्याची फीमाफी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम मिळते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती पदवी व पदविका दोन्हींच्या मुलींसाठी असून ती वर्षाला ५०,००० रुपये आहे. एका कुटुंबातील दोन मुलींना ती मिळू शकते. राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. १९९१ साली पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने केवळ मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. मुलामुलींच्या एकत्र शिकण्यास ज्या घरांची हरकत आहे त्यांची तीही अडचण दूर झाली. मात्र शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात उशिरा येतात आणि खानावळवाला महिन्याच्या पहिल्या तारखेस येतो. हे मधले चार-सहा महिने गरीब मुलीचे शिक्षण मोडतात, असा आमचा अनुभव आहे. या काळासाठी संस्थेने बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी ठेवावा, आणि शिष्यवृत्ती जमा होताच विद्यार्थिनीने ती रक्कम परत करावी, अशी आमची सूचना आहे.

दुसरे काम बिनखर्चाचे आहे. आपल्यापैकी जे बंधू-भगिनी रेल्वेत, वीज मंडळात, कारखान्यात किंवा संगणक कंपनीत आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात येऊन आठवी ते दहावीच्या मुलींशी बोलावे. भाषण नको. पाना कसा धरतात, मीटर कसा वाचतात, पगारपत्रकात काय लिहिलेले असते, पहिल्या दिवशी कामावर कोणी हसले तेव्हा काय केले, एवढे सांगावे. जमल्यास एखादी जुनी मोटार आणून मुलींना स्वतः उघडू द्यावी. पंगतीतला तो माणूस ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी तो विहारात बसलेला असावा.

शेवटी कागदपत्रांविषयी. राखीव जागेवरील प्रवेशास जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा वडिलांच्या बाजूकडून द्यावा लागतो. आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेचा दाखला, जन्ममृत्यूचा उतारा, जुने महसुली कागद यांत तो मिळतो. धर्मांतरानंतरच्या नोंदींत कोठे जुनी जात, कोठे ‘बौद्ध’, कोठे ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले असते, आडनावेही बदललेली असतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, तरी नोंदींची ही विसंगती प्रत्येक घराला स्वतःच निस्तरावी लागते. मुलगी नववीत गेली की हे कागद एका पिशवीत जमा करण्यास सुरुवात करावी. दाखल्यावर नावात एका अक्षराची चूक असल्यास ती त्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावी. बारावीच्या जूनमध्ये तहसील कचेरीत फार मोठी रांग असते.