लिनिअर घेण्याआधी घरची वीज मोजा

सोलापुरात हॅम रेडिओची परीक्षा पास होऊन नुकतीच हवेवर आलेली पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, "काका, लिनिअर कोणता घेऊ?" रिगमधून निघणाऱ्या शंभर वॅटला आणखी ताकद देऊन अँटेनाकडे पाठवणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आमच्या भाषेत लिनिअर. त्यातही मोठ्या काचेच्या ट्यूबचा असला तर त्याची ओढ काही वेगळीच. मी त्यांना सांगतो, आधी मल्टिमीटर घ्या आणि आपल्या घरातली वीज मोजा. हे उत्तर पुस्तकातून आलेलं नाही.

माझं घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. मी घेतलेला लिनिअर वापरलेला होता, परदेशातून आलेला, आत 3-500झेड जातीची एक ट्यूब. विकणाऱ्याने त्याच्या घरी डमी लोडवर चालवून दाखवला होता. तिथे तो खणखणीत चालला. माझ्याकडे मात्र संध्याकाळी पॉवर पडू लागली आणि रात्री उशिरा ट्यूब जास्तच उजळ दिसू लागली. मीटर लावल्यावर कारण कळलं. गल्लीतले माग जोरात असताना प्लगवर 205 व्होल्ट, माग थांबले की 250. या ट्यूबच्या फिलामेंटला 5 व्होल्ट लागतात आणि साधारण पाव व्होल्ट इकडेतिकडे एवढीच मोकळीक असते. 230 ला बरोबर 5 मिळत असतील तर 205 ला साडेचारच्याही खाली जातात आणि 250 ला 5.4 च्या पुढे. कमी पडलं तर फिलामेंट पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही, जास्त झालं तर ट्यूबचं आयुष्य झपाट्याने घटतं.

त्यात उन्हाळा आला. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 43 च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. एके दिवशी बोलता बोलता प्लेट करंट शून्यावर आला. प्लग काढला, कपॅसिटर रिकामे केले, झाकण उघडलं. ब्लोअरच्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर सुताच्या बारीक तंतूंचा राखाडी थर बसला होता, बोटाने सोलून निघावा इतका जाड. पंखा फिरत होता, आवाजही नेहमीचाच होता, पण ट्यूबच्या बुडाशी हवाच पोचत नव्हती. ट्यूब उपसून पाहिली तर फिलामेंटच्या दोन पिनांमधला डाख वितळून सॉकेटमध्ये ओघळलेला. पिना साफ करून पुन्हा डाख भरला म्हणून ट्यूब वाचली. काचेचा आणि धातूचा सांधा तडकला असता तर ती गेलीच असती.

असं का होतं, ते गणिताने बघा. ट्यूब लिनिअरची कार्यक्षमता साधारण साठ टक्के धरतात. 400 वॅट बाहेर पडायचे तर आत सुमारे 670 वॅट घालावे लागतात, म्हणजे 270 वॅटची उष्णता एकट्या प्लेटवर. शिवाय फिलामेंट 5 व्होल्टवर साडेचौदा अँपिअर खातं, ते सत्तरेक वॅट वेगळे. एवढी उष्णता बाहेर काढणारी एकच गोष्ट म्हणजे वारा. कारखान्याच्या गावात वाऱ्याच्या वाटेवर जाळी आणि स्पंज लावा, दर पंधरवड्याला धुवा, पंखा ब्रशने साफ करा. बोलणं संपलं तरी ब्लोअर काही मिनिटं चालू ठेवा.

आता निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट कायद्याची. आपल्याकडे सामान्य श्रेणीच्या परवान्याला लघुलहरींवर 400 वॅटची मर्यादा आहे, मर्यादित श्रेणीला 50 वॅटची. अमेरिकेत 1500 वॅट चालतात, म्हणून तिकडच्या लिनिअरच्या जाहिरातीत तो आकडा दिमाखात असतो. आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपला परवाना काढून वाचा. अ‍ॅम्प्लिफायर बाहेरून मागवायचा असेल तर आयातीची परवानगी आधी घ्या. व्हीयू3 वाल्यांनी, म्हणजे मर्यादित श्रेणीवाल्यांनी, तर हा विचार सध्या बाजूलाच ठेवावा आणि सामान्य श्रेणीची तयारी करावी.

दुसरी गोष्ट फायद्याची. शंभराचे चारशे वॅट झाले की वाढ होते 6 डेसिबलची, म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर फक्त एक घर. तेवढाच फायदा बऱ्याचदा चांगली अँटेना देते, आणि ती ऐकतानाही कामी येते. आपल्या शहरात तर ऐकण्याचीच खरी अडचण आहे. मागांच्या मोटारी, स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर यांच्या खरखरीने 40 मीटर बँड भरलेला असतो. अशा खोलीत लिनिअर लावला की आपण सगळ्यांना ऐकू जातो आणि आपल्याला कुणीच ऐकू येत नाही. डायपोल गच्चीवरून शक्य तेवढा उंच न्या, घरातली खरखर शोधून बंद करा, आणि तरीही कमी पडलं तर लिनिअरकडे वळा.

तिसरी गोष्ट ट्यूबची. लिनिअरच्या आधी त्याच्या ट्यूबचा भाव विचारा आणि नवी आज कुठे मिळते तेही विचारा. 811ए स्वस्त, पण एकेकीला 65 वॅटच उष्णता झेपते, म्हणून तीन-चार लावाव्या लागतात आणि ट्यूनिंगला वेळ लावला तर त्या पटकन लाल होतात. 572बी त्याच घराण्यातली, 160 वॅट सोसणारी. 3-500झेड दणकट आहे. तिची प्लेट कामात मंद लालसर होते, ते तिच्या स्वभावातच आहे, कारण त्या उष्णतेनेच ती आतला उरलासुरला वायू शोषून घेते. म्हणून ही ट्यूब वर्षानुवर्षं कपाटात पडलेली असेल तर पूर्ण व्होल्टेज देण्याआधी काही तास नुसतं फिलामेंट चालवा. रशियन बनावटीची जीयू-74बी लहान आणि दमदार, पण तापायला अडीच-तीन मिनिटं घेते आणि तिच्या स्क्रीन ग्रिडला स्वतंत्र, स्थिर पुरवठा लागतो. आपल्या 400 वॅटला एक 3-500झेड किंवा 572बीची जोडी भरपूर झाली. सगळी ताकद न लावता चालणारा लिनिअर जास्त टिकतो.

चौथी गोष्ट ट्रान्सफॉर्मरची. मागची पाटी वाचा. फक्त 60 हर्ट्झ लिहिलं असेल तर सौदा सोडा. आपल्या 50 हर्ट्झवर त्याच्या गाभ्यावर वीस टक्के जास्त भार येतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून वार्निशचा वास सोडतो. 50/60 लिहिलेलं असेल तर प्रायमरीच्या टॅपा आपल्या व्होल्टेजला जुळवलेल्या आहेत का, ते उघडून बघा. घरी व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर आणि मीटरपासून थेट आलेली वेगळी वायर घ्या. फ्रिजच्या प्लगवर हे यंत्र लावू नका.

जुन्या यंत्रात आणखी एक सापळा असतो. हीथकिट एसबी-220 सारख्या जुन्या लिनिअरमध्ये रिले ओढणाऱ्या तारेवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात. आजच्या रिगचं सर्किट ते सोसत नाही आणि पहिल्याच बोलण्यात जळतं. जोडण्याआधी ती तार मोजा, मध्ये स्वतंत्र रिले किंवा कीइंग सर्किट टाका. घेताना विकणाऱ्याला डमी लोडवर अर्धा तास सलग चालवायला सांगा. पाच मिनिटांत काही कळत नाही, तापल्यावरच खरं काय ते बाहेर येतं.

अर्थिंगकडेही लक्ष द्या. आपली काळी माती पावसाळ्यात चांगली, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि खड्डा कोरडा ठणठणीत होतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला. वळवाचे ढग दिसले की कोएक्स काढून बाहेर टाका.

आणि लिनिअर नसला म्हणून आपत्तीतल्या सेवेत काही कमी पडतं, असं समजू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो आपल्या जवळच्याच लातूर जिल्ह्यात. अशा आपत्तीत वीज सगळ्यात आधी जाते. ट्यूबचा लिनिअर बॅटरीवर चालत नाही, शंभर वॅटची रिग मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. पैसे थोडेच असतील तर आधी चांगली बॅटरी आणि चांगली अँटेना घ्या.

शेवटचं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. या पेटीत अडीच-तीन हजार व्होल्ट असतात. 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 3000 व्होल्टला शंभराहून जास्त ज्यूल साठवतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो, कारण ब्लीडर रेझिस्टर जळाला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. झाकणाचा सेफ्टी स्विच कधी बांधून ठेवू नका. प्लग उपसून डोळ्यांसमोर ठेवा, थांबा, लांब दांड्याच्या अर्थ केलेल्या काठीने प्लेटची लाइन चेसिसला टेकवा, आणि मीटरने शून्य दिसल्यावरच हात घाला, तोही एकच. घरात दुसरं जाणतं माणूस नसेल तर त्या दिवशी झाकण उघडू नका.