मुक्या जिवाचा वैद्य आणि आपले शुक्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या कुंभार पिंपळगावात असरच्या नमाजनंतर एक वृद्ध भगिनी मशिदीच्या दाराशी थांबल्या होत्या. त्यांच्या एकुलत्या एका म्हशीला कासदाह झाला होता. पशुवैद्यकीय डॉक्टर थंडीत पहाटे येऊन सलग तीन दिवस इंजेक्शने देऊन गेले. म्हैस सावरली, पण जाताना डॉक्टर म्हणाले, "औषधाचा अंश दुधात उतरतो. मी सांगतो तितके दिवस हे दूध कोणाला घालू नका." घर तर रतिबावरच चाललेले. शेजारीण म्हणाली, "सगळेच घालतात, कोणाला कळणार आहे?"

त्यांनी मला विचारले, "मौलाना, डॉक्टरांचं ऐकलं नाही तर गुनाह होईल का?"

मी म्हणालो, "होय, खाला."

दोष झाकणे म्हणजे फसवणूक

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले. आत हात घातला तेव्हा खालचे धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे विचारून, फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, अशी ताकीद त्यांनी दिली. औषध उतरलेले दूधही तसेच आहे. वरून ते पांढरेशुभ्र दिसते. दोष आत असतो. तो दोष केवळ डॉक्टरांना ठाऊक होता. ते गप्प राहिले असते तर त्यांचे काही बिघडले नसते. उलट, न रुचणारे सत्य सांगून त्यांनी एका कुटुंबाला हरामच्या कमाईपासून आणि लहान मुलांना अपायापासून वाचवले. चांगला पशुवैद्य ओळखावा तो येथे.

जनावराचा हक्क

पवित्र कुरआनातील 'अल्-अन्आम' या सूरहमध्ये पृथ्वीवरील प्राणी आणि आकाशातील पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यातून पाणी आणणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे हदीसमधून आपण जाणतोच. सातव्या हिजरी शतकातील विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे मालकावरील हक्क नोंदवताना स्पष्ट केले आहे की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च मालकाने सोसलाच पाहिजे. मग बैल थकला, शेळी आटली वा घरातली मांजर आजारी पडली म्हणून तिला वाऱ्यावर सोडणे कसे योग्य ठरेल?

ज्ञानाचा मान

ज्याचे वैद्यकीचे ज्ञान सिद्ध नाही त्याने उपचार केले, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते, असे हदीसमध्ये आहे. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया' या ग्रंथात याची दुसरी बाजू आहे : जनावराची रक्तनस सोडणाऱ्या जाणकाराने आपल्या कामाची रूढ मर्यादा ओलांडली नसेल, तर इजा झाली तरी भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. आपण मात्र उलटे वागतो. आधी भोंदूचे धागेदोरे, मग ऐकीव औषधे, आणि जनावर पाय घासू लागले की डॉक्टरांना फोन. ते दगावले की दोषही डॉक्टरांचाच!

या विद्येचा सर्वांत मोठा उपकार डोळ्यांना दिसत नाही. आपल्या आजोबांच्या काळी बुळकांडी आली की गोठेच्या गोठे रिकामे होत. पशुवैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लसीकरण केले आणि 2011 साली हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्या राज्यातील गुरांचे बाजार बंद झाले आणि डॉक्टर गावोगावी लस टोचत फिरले. आजारी जनावर वेगळे बांधा, हे त्यांचे सांगणे अनेकांना जाचले. वास्तविक आजारी उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, ही शिकवण प्रेषितांनीच (स.) दिली आहे.

शुक्र कसे करावे?

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, असा हदीसचा आशय आहे. पशुवैद्याचे आभार तोंडी शब्दांनी पुरे होत नाहीत. त्याला वेळेवर बोलवावे. आधी काय पाजले ते खरे सांगावे. त्याची रास्त फी न रखडवता द्यावी. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची, आणि घरात कुत्रे-मांजर असेल तर रेबीजची लस चुकवू नये. कुर्बानीसाठी बोकड घेताना त्याने आजार दाखवला, तर तो सल्ला मानावा. उघड आजारी जनावराची कुर्बानी होतच नाही.

त्या खालांनी सांगितलेले सर्व दिवस दूध खड्ड्यात ओतले. पुढे एकदा म्हणाल्या, "ओतताना हात थरथरायचा, मौलाना." त्यांच्याकडून दूध घेणाऱ्या तीन घरांना कारण कळले, तेव्हा त्यांनी महिन्याच्या हिशोबातून त्या दिवसांचे पैसे कापले नाहीत. हेही शुक्रच होय. कारण सत्य सांगणाऱ्याचे ऐकल्याने होणारे नुकसान एका गरीब घराने एकट्याने सोसावे, हे जमातीला शोभणारे नाही.

अल्लाह आपल्याला मुक्या जिवांविषयी दया आणि त्यांच्या वैद्यांविषयी कृतज्ञता देवो. आमीन.