घटक ४ : अधूनमधून उद्भवणारा दोष – नोंद आणि तक्रारलेखन

४.० उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• घरातील संगणकाची तारेची इंटरनेट जोडणी कोठे खंडित होते, हे टप्प्याटप्प्याने शोधता येईल.
• निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद क्रियापदाच्या रूपांतून व्यक्त करता येईल.
• उपयुक्त तक्रार अर्ज लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, बंद पडलेला पंखा कारागिराला दाखवता येतो. अधूनमधून उद्भवणारा दोष मात्र कारागीर दारात येताच नाहीसा होतो. समजा, इंदापूर तालुक्यातील सणसर परिसरात राहणारी एक विद्यार्थिनी स्वाध्याय पाठवण्याच्या अखेरच्या सायंकाळी संगणकासमोर बसली आहे. जोडणी पुनःपुन्हा तुटते. ती तक्रार नोंदवते : ‘नेट सारखं जातंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीहून तंत्रज्ञ येतो. त्या वेळी जोडणी चालू असते. ‘सेवा सुरळीत’ असा शेरा मारून तक्रार बंद केली जाते आणि सायंकाळी जोडणी पुन्हा तुटते. तंत्रज्ञाने जे पाहिले तेच लिहिले. विद्यार्थिनीने जे पाहिले ते मात्र तिच्या वाक्यात उतरलेच नाही.

४.२ ‘नेट सारखं जातंय’ : वाक्याचे पृथक्करण
या वाक्यातील ‘नेट’ या एका कर्त्यात किमान चार घटक दडलेले आहेत : (१) संगणक व त्यातील नेटवर्क कार्ड, (२) संगणकापासून राउटरपर्यंतची लॅन केबल, (३) राउटर व फायबरमधील प्रकाशसंकेताचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारी ओएनटी पेटी (पुष्कळ घरांत ही दोन्ही एकाच पेटीत असतात), (४) घराबाहेर खांबांवरून वा जमिनीखालून येणारी फायबर आणि सेवादात्याचे केंद्र. ‘सारखं’ हे क्रियाविशेषणही असेच संदिग्ध आहे. तासातून दहा वेळा आणि आठवड्यातून दोनदा, या दोन्ही गोष्टी त्यात बसतात. कर्ता आणि काळ निश्चित केल्याशिवाय शोध सुरू होत नाही.

४.३ दोषाचे स्थान निश्चित करणे
(अ) दुसऱ्या साधनावर पडताळा : जोडणी तुटलेली असतानाच मोबाइलमधील डेटा बंद करून तो त्याच राउटरच्या वायफायवर पाहावा. तेथे इंटरनेट चालत असेल, तर दोष लॅन केबल, तिची खोबण वा संगणक यांपैकी एकात आहे.
(आ) दिव्यांचे निरीक्षण : ओएनटीवरील ‘एलओएस’ हा दिवा लाल होणे म्हणजे प्रकाशसंकेत न पोहोचणे. सर्व दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर प्रथम वीजपुरवठा व अ‍ॅडॅप्टरची सैल पिन तपासावी. घरात इन्व्हर्टर असला, तरी राउटरचा प्लग त्याच्या जोडणीवर आहे की नाही, हे पाहावे. फायबर स्वतः ओढू वा उघडू नये. तिच्या टोकात डोकावू नये, कारण त्यातील किरण अदृश्य असून डोळ्यास अपायकारक ठरू शकतात.
(इ) पिंग : संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन खिडक्या उघडाव्यात. एकीतून राउटरच्या पत्त्यास (बहुधा १९२.१६८.१.१, तो पेटीच्या तळाशी छापलेला असतो) आणि दुसरीतून बाहेरील ८.८.८.८ या पत्त्यास सतत पिंग करावे. दोन्हींचा प्रतिसाद एकाच वेळी थांबला, तर दोष संगणक ते राउटर या टप्प्यात शोधावा. केवळ बाहेरचा थांबला, तर तो राउटरच्या पलीकडे शोधावा.
(ई) एका वेळी एकच बदल : लॅन केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगास २ जोड्या पुरतात. १,००० एमबीपीएससाठी चारही लागतात. त्यामुळे एखादी तार कमकुवत झाली, तरी केबल वरकरणी ‘चालू’ दिसते. दाराच्या फटीत चेपलेली, उंदराने कुरतडलेली किंवा टोकाची खिटी मोडलेली केबल प्रथम बदलावी. मग राउटरची खोबण बदलावी. त्यानंतर नेटवर्क कार्डाची वीजबचतीची सोय बंद करून पाहावी. दोन बदल एकदम केले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. पूर्वी दोष दिवसाआड येत असेल, तर एका तासाच्या शांततेवरून निष्कर्ष काढू नये.

४.४ निरीक्षण आणि अनुमान
पुढील दोन वाक्ये पाहा :
१. बाहेरची तार तुटली आहे.
२. बाहेरची तार तुटली असावी.
पहिल्या वाक्यात बोलणारा तारेच्या स्थितीची हमी देतो. दुसऱ्यात तो कारणांवरून तर्क करतो. ‘आहे’ आणि ‘असावी’ यांतील हे अंतर तक्रारलेखनात निर्णायक ठरते. दिव्याचा रंग, वेळ, खंडांची संख्या ही निरीक्षणे निश्चयार्थी रूपात लिहावीत. कारण सांगताना ‘असावा’ हे रूप वापरावे. अनुमानच निरीक्षण म्हणून लिहिले, तर तंत्रज्ञ आपण सांगितलेल्या जागीच शोधत राहतो आणि खरी जागा राहून जाते.

४.५ तक्रारीचा नमुना
“दि. ३ ते ७ डिसेंबर या पाच दिवसांत माझी जोडणी सायंकाळी ६ ते ८ या वेळेत एकूण ११ वेळा खंडित झाली. प्रत्येक खंड २ ते ४ मिनिटांचा होता. त्या वेळी राउटरचा प्रतिसाद चालू होता. बाहेरील पत्त्याचा थांबला होता. प्रत्येक वेळी ‘एलओएस’ दिवा लाल झाला. वीजपुरवठा चालू होता. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जाताना घरासमोरील लोंबती फायबर हलते. त्यामुळे दोष तेथील जोडात असावा. कृपया सायंकाळी ६ नंतर तपासणी करावी.”

या अर्जातील जवळजवळ प्रत्येक वाक्य एक शक्यता वगळते आणि शेवटचे वाक्य तंत्रज्ञाला योग्य वेळी बोलावते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रारीस डॉकेट क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. तक्रारीचे निवारण न झाल्यास सेवादात्याच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना हाच क्रमांक व हीच नोंद उपयोगी पडते.

४.६ सारांश
अधूनमधून उद्भवणारा दोष तंत्रज्ञाला दिसेलच असे नाही. तो आपल्या नोंदीतूनच त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून घटक वेगळे करावेत, वेळ लिहावी, एका वेळी एकच बदल करावा आणि जे पाहिले ते व जे वाटले ते वेगवेगळ्या क्रियारूपांत मांडावे.

४.७ स्वाध्याय
१. ‘दिवसभर नेट नीट नव्हतं’ या वाक्यातील संदिग्ध शब्द ओळखून त्याचे तीन निश्चित वाक्यांत रूपांतर करा.
२. आपल्या घरातील कोणत्याही अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाची (उदा. विद्युत्पंप, नळाचे पाणी) सात दिवस नोंद ठेवा व तिच्या आधारे १५० शब्दांचा तक्रार अर्ज लिहा.
३. त्या अर्जातील निरीक्षणे एका रेघेने व अनुमाने दोन रेघांनी अधोरेखित करा.