श्रीमल्हारीचे वाहन : अश्वदान आणि अश्वसेवा

श्रीखंडोबा हे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. मणि-मल्ल दैत्यांच्या संहारासाठी देव अश्वारूढ होऊन रणात उतरले. देव्हाऱ्यातील टाकावरही त्यांचे हेच रूप दिसते. म्हणूनच नवस फेडताना देवाला जिवंत घोडा अर्पण करावा, असे काही भाविकांच्या मनात येते. हा भाव पवित्र आहे. परंतु त्यासोबत येणारी जबाबदारी आधी जाणून घ्यावी.

नीट सांभाळलेला अश्व २५ ते ३० वर्षे जगतो. उत्सव काही दिवसांचा, पण त्याची चंदी-वैरण रोजची असते. ३०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज सुमारे ६ किलो कोरडी वैरण व २५ लिटरांहून अधिक स्वच्छ पाणी लागते. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्यावे लागतात. दातांची तपासणी आणि धनुर्वाताची लस यांसाठी पशुवैद्य हवा. नित्य खरारा करणारा जाणकार मोतद्दारही हवा. वार्धक्यात अश्वाचे काम थांबते, चंदी थांबवता येत नाही.

भाविकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. पेढे, गूळ, पुरणपोळी वा भाकरी प्रत्येकाने घासभरच दिली, तरी दिवसाअखेर तिचा ढीग होतो. त्यातून तीव्र पोटशूळ उठतो, खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा लंगडा होतो, प्रसंगी दगावतोही. त्याला काही द्यायचे झाल्यास मोतद्दारास विचारूनच द्यावे. भंडारा उधळताना तो अश्वाच्या डोळ्यांत वा नाकपुड्यांत जाऊ देऊ नये.

भारवाहू जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनुसार त्यांच्याकडून दिवसात नऊ तासांहून अधिक, विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांपुढे जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवावे लागते. काटेरी लगामासही मनाई आहे. देवाच्या अश्वाला तर याहून अधिक जपावे.

आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. त्यांतील माउलींच्या अश्वावर कोणीही स्वार होत नाही. देवाच्या अश्वाचा मान कसा राखावा, याचा हा वस्तुपाठ होय.

अश्वदानाचा संकल्प करणाऱ्यांनी पागा, मोतद्दार व पशुवैद्य यांची सोय आहे का, हे विश्वस्तांस आधी विचारावे. सोय नसल्यास धातूचा घोडा वाहावा, अथवा असलेल्या अश्वाच्या वर्षभराच्या वैरणीचा भार उचलावा. मुक्या जिवाची भूक भागवणारे दान श्रीमल्हारीच्या चरणी निश्चित रुजू होते.

॥ सदानंदाचा येळकोट ॥