आईच्या तोंडचा घास



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी वेल्ह्याकडे गेलो असता एका मुलाने मला दारातच गाठले. त्याच्या आईचा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, शेवटच्या टप्प्यात आहे. ती मुलांची नावे विसरली, बोलणे-चालणे थांबले, आता घासही तोंडातच राहतो. पुण्याची बहीण म्हणते, "नळी घाला." त्याने मला विचारले, "फादर, नळी नाही घातली, तर आईला उपाशी मारल्याचं पाप लागेल का?"

हा प्रश्न एका घरचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. म्हणून आज थोडा अभ्यास करू.

१. नळीने आयुष्य वाढते का?

नाकातून घालतात ती राईल्स ट्यूब. पोटाला छिद्र पाडून बसवतात ती पेग नळी; ती १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे, गिळता न येणाऱ्या मुलांसाठी प्रथम वापरली गेली. अर्धांगवायूचा झटका किंवा घशाचा कर्करोग असेल तर नळी खरोखरच जीव वाचवू शकते. नळी वाईट नाही.

परंतु स्मृतिभ्रंशाच्या शेवटी गोष्ट वेगळी असते. भूक लागणे आणि गिळणे ही मेंदूची कामे आहेत, आणि येथे मेंदूच क्षीण होत जातो. पोटात अन्न गेले तरी आजार थांबत नाही. स्वतःची लाळ आणि पोटातून वर येणारे अन्न फुप्फुसात जाते, त्यामुळे नळी असूनही न्यूमोनिया होतो. रुग्ण गोंधळून नळी ओढतो, मग त्याचे हात बांधावे लागतात. नळी बसवलेल्यांना अंथरुणाच्या जखमाही अधिक होतात, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. नळीमुळे अशा रुग्णांचे आयुष्य वाढते याला आधार सापडत नाही, असे १९९९ पासून २०२१ पर्यंतच्या वैद्यकीय आढाव्यांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही नळीऐवजी हाताने जपून भरवण्याचाच सल्ला देते.

बोस्टन परिसरातील अशा ३२३ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातील सुमारे ८६ जणांना खाण्याचा त्रास झाला, आणि दीड वर्षात निम्म्याहून अधिक जण वारले. म्हणजे खाणे कमी होणे हा या आजाराच्या शेवटाचाच भाग आहे.

२. ख्रिस्तसभा काय शिकवते?

सोळाव्या शतकात सालामांकाचे धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी हाच प्रश्न घेतला होता. अन्न घेणे ज्या आजाऱ्याला यातनेसारखे झाले आहे आणि जगण्याची आशा फारशी उरलेली नाही, त्याला न खाण्याचा दोष लागत नाही, असे त्यांचे मत होते. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी सांगितले, की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे बंधनकारक आहे, असाधारण नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली, दीर्घकाळ बेशुद्धावस्थेतील रुग्णांविषयी बोलताना, नळीतून दिलेले अन्नपाणी हाही साधारण उपाय ठरवला. मात्र ते पोषण आणि आराम देण्याचा आपला हेतू साधते तोवर.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. मरण यावे म्हणून अन्न तोडणे हे पाप आहे. लाभ न देता केवळ त्रास देणारी नळी न घालणे हे पाप नाही.

३. मग आपले कर्तव्य काय?

भरवणे! मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आठवा. त्यांचा आजार वेगळा होता. १९७३ च्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला इजा झाली होती. पण सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया होईपर्यंत, सुमारे सदतीस वर्षे, परिचारिकांनी त्यांना मऊ अन्न तोंडानेच भरवले. नळी त्यानंतर आली. २०१५ साली त्या वारल्या.

आपण काय करावे?

• खाणे अचानक बंद झाले, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तोंडातील जखम, दाढदुखी, बद्धकोष्ठता, ताप किंवा नवे औषध हे कारण असू शकते, आणि त्यावर उपाय आहे.
• बसते करून भरवा. छोटा घास द्या. तो गिळल्यावरच दुसरा. नंतर अर्धा तास बसते ठेवा.
• पाण्याने ठसका लागत असेल, तर भाताची घट्टसर पेज किंवा नाचणीची आंबील देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.
• तोंड मिटले तर जबरदस्ती नको. ओठ आणि जीभ ओली ठेवा.
• सर्व भावंडांनी डॉक्टरांसह एकत्र बसून ठरवा. जी लेक रात्रंदिवस सेवा करते, तिला फोनवरून दोष देऊ नका.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळा, तू आईला उपाशी ठेवत नाहीस. दोन चमचे गेले तर दोन. नाही गेले तर तिचा हात धरून बस." मग आम्ही आईला रुग्णाभ्यंग संस्कार दिला. तुमच्या घरीही असे कोणी असेल, तर शेवटच्या घटकेची वाट न पाहता मला कळवा. मी येईन.

तुमचा,
फादर